कंदीलवाला का गेला

एखादा माणूस असा का वागला, हे माझ्या भाऊजींइतकं खोलात शिरून सांगणारा माणूस अख्ख्या चेन्नईत सापडणार नाही. अट एकच, तो माणूस खरा असता कामा नये. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ताई त्यांना सोडून नाशिकला गेली त्याला काही वर्षं झाली, त्यामुळे त्यांना अजून भाऊजी म्हणावं का, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. मी म्हणतो. स्थळ मीच आणलं होतं. निदान त्या लाजेखातर दर रविवारी नुंगंबाक्कमहून गिंडीला त्यांच्याकडे जातो. पूर्वी ते मला 'तू' म्हणत. ताई गेल्यापासून 'तुम्ही' म्हणतात.

भाऊजी तंजावरकडचे मराठी, बोलणंही तिकडच्या जुन्या वळणाचं. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांना एका व्हिडिओ गेमनं झपाटलं. त्याच्या पहिल्या भागात तोंड झाकलेला एक कंदीलवाला नायकाला दलदलीतून वाट दाखवतो. दुसऱ्या भागात अर्ध्या पुलावर तो कंदील विझवतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. का, ते सांगितलेलंच नाही. जगभरची पोरं इंटरनेटवर यावरून भांडतात. कुणी त्याला फितूर म्हणतं, कुणी नायकाचा हरवलेला बाप, कुणी म्हणतं तो पहिल्यापासून मेलेलाच होता. या पोरांना भाऊजी 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करून, तपासणीच्या अहवालासारखी मुद्देसूद उत्तरं पाठवतात. ब्राझीलचा एक जण त्यांना 'ब्रो' म्हणतो, याचा त्यांना गुप्त अभिमान आहे. स्वतः खेळायला बसले की मात्र दलदलीतच बुडतात. पूल त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या खेळात पाहिलाय.

त्यांच्या थिअऱ्यांना सीमा नाही. पहिल्या भागात कंदील उजव्या हातात होता, दुसऱ्यात डाव्या, म्हणजे उजवा खांदा दुखावलाय आणि बिचारा तो लपवतोय, असं त्यांनी एकदा ठरवलं, आणि खात्री करायला हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पेशंटला घेऊन या म्हणाले. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी हा विषय तमिळमधून इतका चालवला की पहिल्या पाळीत दोन पक्ष पडले, फितूरवाले एका बाजूला आणि खांदेवाले दुसऱ्या. एका लग्नात त्यांनी केळीच्या पानावर भाताचा पूल रचून मला नायकाची जागा दाखवली. रसम वाढणारा माणूस कुठे वाढू म्हणून ताटकळत उभा होता. "दलदलीत वाढा पा," भाऊजी तमिळ ढंगात म्हणाले.

मी हसायचो. ताईही सुरुवातीला हसायची. पण या माणसानं घरातल्या कुणाला कधी 'का' म्हणून विचारलं नाही. त्यांच्याकडे ती पद्धतच नव्हती. "विचारून माणसास अडचणींत कशास घालायचें? आपण ओळखावें," असं ते म्हणत आणि त्याला सभ्यपणा समजत. ताईनं आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं, तेव्हा पंख्याचा आवाज तिला सोसत नसावा असं त्यांनी ओळखलं आणि पंख्याला तेल घातलं. मग एक दिवस ताई बॅग घेऊन दाराशी उभी राहिली. बाहेर निघालेल्याला 'कुठे' म्हणून टोकू नये, काम बिघडतं, हे त्यांच्याकडे काय आणि आमच्याकडे काय, लहानपणापासून शिकवलेलं. भाऊजींनी टोकलं नाही. दार मात्र नीट धरून ठेवलं. "किती वेळ उभी होते रे मी," ताई मला फोनवर म्हणाली. "कुठे चाललीस, एवढं विचारलं असतं तर बॅग तिथंच खाली ठेवली असती." हे त्यांना सांग असं ती म्हणाली नाही, आणि सांगू नको असंही म्हणाली नाही. आपण ठरवायचं असलं की मी काहीच करत नाही.

गेल्या महिन्यात गेमचा शेवटचा भाग आला आणि त्यात कंदीलवाल्याचं कारण एकदाचं उघड झालं. त्याला पलीकडच्या राजानं विकत घेतलं होतं. फितूरवाले जिंकले. रविवारी गेलो तर भाऊजी टीव्ही बंद करून त्याच्यासमोर बसले होते.

"गेमच्या कंपनीस काय ठाऊक?" ते म्हणाले.

"अहो, त्यांनीच तर बनवलाय तो."

"बनवलें म्हणून काय झालें? पहिल्या भागांत त्याणें नायकास स्वतःचें पांघरूण दिलें. पैशांसाठीं जाणारा पांघरूण देत नाही."

मग ते उठले. कॉफी करून आणली, डबरा-टंबलर, म्हणजे वाटीत ठेवलेला पेला, माझ्यापुढे ठेवला, आणि माझ्याकडे न बघता, आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुमची ताई कां गेली?"

मी सांगितलं. बॅग, दार, तिचं उभं राहणं, सगळं. कॉफीकडे बघत सांगितलं, म्हणून पटापट सांगता आलं. मान वर केली तेव्हा भाऊजींचा चेहरा असा झाला होता की मला ताईच्या लग्नातले भाऊजी आठवले. तेव्हाही ते असेच, आपल्याला नेमकं काय करायचंय ते कुणी सांगेल का, अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत होते.

"हें ती बोलली," त्यांनी हळूच विचारलं, "कीं तुमची थिअरी?"

वरचा पंखा फिरत होता, अजिबात आवाज न करता.

"माझीच," मी म्हणालो.

त्यांचे खांदे सैल पडले. "सरि, ठीक," ते म्हणाले. "बरी आहे. पण टिकायची नाही. निघालेल्यास टोकायचें नाही, हें तिजला ठाऊक होतें कीं नाही? मग ती वाट कशाची पाहील? आणि एवढ्या लहान गोष्टीसाठीं कोणी जातें काय?" हे बोलताना त्यांना हळूहळू उत्साह येत गेला. खुर्ची पुढे ओढून, एकेक बोट मिटत, ते मला माझ्या थिअरीतल्या चुका समजावू लागले. समजावता समजावता मला 'तू' म्हणाले. कॉफी निवून गेली, तरी मी मान डोलावत बसून राहिलो.