एक ठिपका आणि एक रिकामं वर्तुळ

करणी, उतारा, अंगात येणं... असले विषय निघाले की मी उठून जाणारा माणूस. नांदूरघाटला माझं औषधांचं दुकान आहे, बीएस्सी झालोय, दारात लिंबू-मिरचीसुद्धा बांधू देत नाही. तरीही हे लिहितोय, कारण मी तिथं स्वतः उभा होतो.

तीन वर्षांपूर्वी शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढपाळ मुक्काम करतात, बदल्यात आपण शिधा द्यायचा. दुपारी माझी बायको सारिका ज्वारी घेऊन गेली, मागोमाग मी. कळपाबरोबरची केराबाई नावाची म्हातारी मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवून गाभण मेंढीवर गेरूची खूण करत होती. एक कोकरू असेल तर एक ठिपका, जुळी असतील तर दोन.

सारिका ज्वारी ठेवायला वाकली. केराबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला – क्षणभरच – आणि पदरावर एक भरीव ठिपका काढला. शेजारी नुसतं एक रिकामं वर्तुळ.

माझं टाळकंच सरकलं. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. त्या दुखण्याला कुणी हात लावलेला मला खपायचा नाही.

"आमची बायको मेंढी वाटली का गं तुला?"

"रागाला जाऊ नका, दादा. दोन हायेत. एक लेकरू हाय, दुसरं..."

"उचल तुझा कळप! आत्ताच्या आत्ता!"

बिचारे निघून गेले. अर्धं शेत तसंच राहिलं.

तोवर सारिकाची पाळीही चुकली नव्हती! पंधरा दिवसांनी आमच्याच दुकानातल्या किटवर दोन रेघा आल्या आणि मी वेड्यासारखा पेढे वाटत सुटलो. पुढे बीडला सोनोग्राफी केली. डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला.

"जुळं आहे. एक बाळ छान आहे, ठोके चांगले आहेत. पण शेजारी द्राक्षगर्भ आहे. म्हणजे तिथं बाळ नाही, नुसते द्राक्षांच्या घडासारखे फुगे वाढतायत."

एक भरलेलं, एक रिकामं... मला सारिकाच्या पदरावरचा तो गेरू आठवला.

डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. रक्तस्राव होऊ शकतो, बीपी वाढू शकतं, सारिकाच्या जिवालाही धोका आहे. अशा वेळी बरेच जण गर्भपात करून घेतात. पुढे जायचं असेल तर सतत तपासण्या, आणि डॉक्टरबाई 'पुरे' म्हणाल्या की तिथंच थांबायचं.

मला नकोच म्हणायचं होतं. मूल नसतं झालं तरी चाललं असतं, सारिका हवी होती. पण ती म्हणाली, "ठोके ऐकले ना तुम्ही? मग!"

पुढचे महिने आम्ही जीव मुठीत धरून काढले. दोनदा रक्तस्राव झाला, दोनदा गाडी काढून बीड गाठलं. आठव्या महिन्यात सिझर झालं. पावणेदोन किलोची मुलगी! दोन आठवडे काचेच्या पेटीत होती, पण रडायची अशी की सगळा वॉर्ड जागा. द्राक्षगर्भाचं काही आत उरून पुन्हा वाढत नाही ना, हे बघायला सारिकाच्या रक्ताच्या तपासण्या त्यानंतरही कित्येक महिने चालल्या. शेवटचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर ढसाढसा रडलो.

मग माफी मागायला केराबाईला शोधत निघालो. दिंद्रुडकडच्या माळावर कळप सापडला. पाया पडलो आणि विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धंच राहिलं. काय म्हणणार होता?"

"तुमी बोलू कुठं दिलं, दादा? दुसरं रिकामं हाय, त्याचं लई भ्या धरू नका. लेकरू तग धरतंय. एवढंच."

एवढंच! जे ऐकायला आम्ही इतके महिने तडफडत होतो, ते मीच शेतातून हाकलून दिलं होतं.

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"तुमचं मशीन ठोके ऐकतंय, ते कसं ऐकतंय मला कुठं कळतंय? हाताला लागलं, सांगितलं."

जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा गर्भ, तोही पाठीवरून... हाताला लागलं तरी काय असेल? डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि सारिकाची फाइल उघडून पुन्हा तारखा बघू लागल्या. आता दुकानात कुणी काही सांगत असलं, कितीही खुळचट वाटलं, तरी त्याचं बोलणं संपेपर्यंत मी तोंड उघडत नाही.