रुसैलच्या पिचचा उतार

ओमानातल्या रुसैलच्या कारखान्यांमागे आमचं क्रिकेटचं मैदान आहे, तिथे आज लीगच्या खालच्या गटाचे सामने होतात. बसायला पायऱ्या, सावलीला पत्रा. सुरुवातीला तिथे नुसते दगड होते. कामगारांच्या कॅम्पातली माणसं शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी ते वेचायची, आणि मधलं सिमेंटचं पिच मी बांधलं. मी गुहागरकडचा गवंडी. माझं काम चोख असतं, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

पहिल्याच सामन्यात चेंडू सारखा एका बाजूला पळायला लागला. आमचा कॅप्टन, रायगडचा वेल्डर, लेव्हल पट्टी घेऊन आला. पट्टीतला बुडबुडा मधे थांबेचना. मी पिचला आडवा उतार दिला होता! मुद्दाम नाही. अंगण असो की पडवी, पाणी वाहून जायला उतार द्यायचा, हे वडिलांनी हातात भिनवलेलं. इथे वर्षात चार सरी पडतात, हे हाताला कोण सांगणार?

“मिस्त्री, पिच बांधलंस का मोरी?” कॅप्टन ओरडला. तेव्हापासून हरलो तरी मोरी, जिंकलो तरी मोरी. मी हसायचो, पण झोंबायचं.

पुढे लीगमध्ये शिरायचं ठरलं. लीगच्या कमिटीचा माणूस मैदान बघायला आला, उतार पाहिला आणि म्हणाला, “ये तोडना पडेगा.” फोडायचा शुक्रवार ठरला, फोडणारा मीच. तो आठवडा मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी असा पाऊस कोसळला की डोंगरातले कोरडे ओढे भरून वाहिले. सकाळी मी घण घेऊन पोचलो, तर कमिटीचा माणूस दोन टीम घेऊन हजर. त्यांच्या सगळ्या पिचवर पाणी साचलेलं. त्याने आमच्या पिचवर तळवा फिरवला. कोरडं ठणठणीत!

“मिस्त्री, हथोडा रखो. मॅट बिछाओ.”

चेंडू तेव्हाही पळालाच, पण दोन्ही टीमनी सारखीच कुरकुर केली. त्यानंतर पिच फोडायचं नाव कुणी काढलं नाही.

सामना संपल्यावर कॅप्टन शेजारी येऊन बसला. “हे बाबांनी शिकवलं काय रे? मग त्यांना फोन लाव. सांग, तुमची मोरी ओमानात पास झाली.”

मी लावला. सगळं ऐकून वडिलांनी एवढंच विचारलं, “उतार किती दिलास?”

“एक इंच.”

“कमी दिलास.”