तिसऱ्या बाकाखाली

चावीवाल्या मावशींचं देवाशी बोलणं बंद होतं, तरी चर्चची चावी त्यांच्याच गळ्यात असायची. साउथ डाकोटातल्या त्यांच्या आदिवासी वस्तीवरचं ते जुनं लाकडी चर्च दुरुस्त करायला शिकागोच्या ऑफिसने मला पाठवलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या मावशी रोज येऊन झाडू मारत. "प्रार्थनेची इच्छा शाळेने मारली, झाडायची राहिलीय," म्हणत. 'चावीवाल्या मावशी' हे नाव मी आपला घरी बोलताना वापरायचो. त्या मला नुसतं "इंजिनिअर" म्हणत.

चर्चला लागून पूर्वी निवासी शाळा होती. आईबापांपासून तोडून आणलेल्या मुलांचे तिथे केस कापत, नावं बदलत, घरची भाषा तोंडातून निघाली की मारत. मावशी आणि त्यांची धाकटी बहीण तिथेच होत्या. बहीण घरी परतली नाही. शाळा पाडली तेव्हा वस्तीने जल्लोष केला, पण चर्चला हात लावू दिला नाही. हे का ठेवलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ही तुळई माझ्या आजोबांनी तासलीय. आमची माणसं मागच्या अंगणात पुरलीत. त्यांची आठवण काढायला मी कुठे बसू?"

झाडून झालं की त्या तिसऱ्या बाकावर बसत, एक हात बाकाखाली. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून आधार घेतात. "बस इथे, इंजिनिअर. काहीतरी दाखवायचंय," असं रोज म्हणत आणि मी रोज हसून टाळायचो. नागपूरला माझ्या आजोबांना देवळाच्या पायरीवरून हाकललं होतं. त्यांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरातलं कोणी कुठल्या देवासमोर बसलं नाही, आणि मला त्याचा केवढा अभिमान! फोनवर बायको म्हणाली, "अरे यार, एवढं म्हणतायत तर बस ना पाच मिनिटं. कन्व्हर्ट थोडीच करणारेत त्या तुला?" मी तिलाच चार गोष्टी सुनावल्या.

मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर शहरात गेल्या. मी बाकं उलटी करून घेतली. खालच्या बाजूला खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं होती. रिपोर्टमध्ये मी 'नासधूस' असं लिहिलं आणि सगळं तासून पॉलिश करायला सांगितलं.

परत आल्यावर मावशी बसल्या. हात बाकाखाली गेला, पुढे सरकला, मागे आला, बराच वेळ फिरत राहिला.

"प्रार्थनेच्या वेळी बाकाखालचे हात तेवढे शाळेवाल्यांना दिसायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "इथे आम्ही आमची खरी नावं कोरायचो. बहिणीचंही होतं."

आजोबांच्या अपमानाचा ताठा मिरवता मिरवता मी दुसऱ्या एका घराची शेवटची खूण पुसली होती. त्याची लाज अजून गेलेली नाही. मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता तरी बस," एवढंच म्हणाल्या. मी बसलो. बहिणीचं नाव त्यांनी माझ्याकडून वीसदा तरी म्हणवून घेतलं, चुकलो की थांबवून. "तू पुसलंस, आता तूच लक्षात ठेव."

यंदा मावशी गेल्या. अंत्यविधीला मी गेलो आणि कुणी सांगायच्या आत तिसऱ्या बाकावर बसलो. हात आपोआप खाली गेला. लाकूड गुळगुळीत होतं, माझ्या कामात खोट काढायला जागा नव्हती. मी ते नाव हळूच म्हटलं. मधल्या अक्षरावर मी अजून अडखळतो, आणि आता मला थांबवायला कोणी नाही.