एकोणीस अंशांचा उतार

माझे बाबा कनेरगाव नाक्यावर वेल्डिंगची कामं करतात. पत्र्याच्या शेडचं माप ते सुतळीनं घेतात. उंच खांबाच्या टोकापासून बुटक्या खांबाच्या टोकापर्यंत सुतळी ताणायची, गाठ मारायची आणि गाठीबरहुकूम लोखंड कापायचं. त्यांची गाठ कधी चुकत नाही, असं अख्खा नाका म्हणायचा.

मी तेव्हा कॉलेजात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. एका धाब्याच्या शेडचं काम आलं. खांबांमधलं अंतर बारा फूट. उतार मी मोबाईलनं मोजला, एकोणीस अंश. पायथनमध्ये कॉस काढायचं फंक्शन तयारच असतं. त्यात एकोणीस घातले, बाराला त्या उत्तरानं भागलं. तिरक्या दांड्याची लांबी आली बारा फूट दीड इंच. सुतळी सांगत होती बारा फूट आठ इंच.

"सुतळीला झोल पडतो बाबा, कॉम्प्युटरला थोडाच पडतो?" मी म्हणाले.

बाबांनी गाठीवरून अंगठा फिरवला. "तू शिकलेली हायेस. तुजंच बराबर असंल." आठही दांडे त्यांनी माझ्या मापानं कापले.

धाब्यावर पहिला दांडा वर चढवला, तर तो बुटक्या खांबापर्यंत पोचेना. साडेसहा इंच कमी. मी मोबाईलवर शोधलं. ते फंक्शन कोन अंशांत घेतच नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापात घेतं. पायथनच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलं होतं, ती ओळ मीच सोडली होती. उत्तर अगदीच वेडंवाकडं आलं असतं तर सावध तरी झाले असते. मेलं खरं वाटेल असंच आलं.

धाबेवाले काका धावत आले. लोखंड त्यांनी आणलेलं होतं.

"काहून कमी पडलं, मिस्त्री?"

"माजी सुतळी सरकली," बाबा म्हणाले.

"तुमची? आजवर तर कदी सरकली न्हाई!"

मी दोन हातांवर उभी होते. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मला लाज वाटली, आणि त्या लाजेची आजही लाज वाटते. बाबांनी दिवसभर खपून आठही दांड्यांना जोड दिले. घरी मला एका शब्दानं बोलले नाहीत.

आता मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामच लिहिते. कोन दिसला की आधी त्याचे रेडियन करते. बाबा अजून सुतळीनंच माप घेतात. फक्त त्यांनी गाठ मारली की गिऱ्हाईक खिशातून टेप काढतं आणि पुन्हा मोजतं.