दादाची पूड

आमच्या लॅबचं सिंक कधी रिकामं राहत नाही. बाटल्या धुऊन वळलो की मागे पुन्हा ढीग! किश्शांचंही तसंच. आणि निम्मे माझ्या दादाचे.

* * *

दादा कळंबला काविळीचं औषध द्यायचा. रानातला पाला, वाळवून कुटलेला. नाव सांगितलं की गुण जातो, म्हणून नाव कुणालाच सांगायचा नाही. कर्जतच्या कॉलेजातल्या रुबिना मॅडमना त्यात कोणती द्रव्यं आहेत ते शोधायचं होतं. दादाने बरणीभर पूड दिली.

"आणि झाड?"

"झाड घरी हाय, मॅडम. आमच्यासारखंच, शाळेला भितं!"

* * *

खालापूरला टेंपोने दादाची बाईक उडवली. तेराव्यानंतर मी मॅडमच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलो. खरं तर बरणीवर नजर ठेवायला. पहिल्याच दिवशी ती पिशवीत घातली. दारात शिपाई राजारामकाकांनी धरलं.

"पिशवीत काय रं?"

"माझा दादा हाय!"

काकांनी बरणी कपाटात ठेवली आणि चावी माझ्या हातात दिली. "घे. तूच राख."

* * *

मॅडमनी पुडीचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क जंतूंच्या बशीत ठेवला. दुसऱ्या दिवशी भोवतीचं सगळं साफ!

मी म्हटलं, "तुमच्या स्पिरिटनं मेले असतील."

त्यांनी नुसत्या स्पिरिटची बशी दाखवली. जंतू मजेत!

"म्हंजे दादा खरा होता?"

"जंतूंपुरता तरी. काविळीचं अजून माहीत नाही."

दोन दिवस मी मॅडमशी बोललो नाही.

* * *

दादा मला ओढ्याकाठचा एक पाला आणायला लावायचा. "नुस्ता वरून मिसळायला. लोकांना ओळखू नाय आलं पायजे." खरं झाड म्हणे तो एकटाच आणायचा.

"सख्ख्या भावावर भरवसा नाय?" मी भांडायचो. तो हसायचा. शेवटच्या सकाळीही ह्यावरूनच भांडलो.

आता मला ते झाड हवं होतं. माथेरानच्या उतारावरून पाले आणले, मॅडमना ओळखू येऊ नयेत म्हणून कुटूनच. भरवसा कुणाचा! मॅडम पट्टीवर दादाची पूड आणि शेजारी माझी लावायच्या. द्रव वर चढला की ठिपके उमटायचे. सतरा पाले झाले, एकही जुळेना.

शेवटी चिडून ओढ्याकाठचा पाला कुटून नेला. "ह्याचे ठिपके वगळा. उरेल ते दादाचं झाड!"

मॅडमनी पट्टी निळ्या दिव्याखाली धरली. दादाचे पाच ठिपके. माझे पाच. त्याच उंचीला.

काकांनी वाकून बघितलं. "उरलं काय, मॅडम?"

"काहीच नाही. दोन्ही एकच पाला आहे."

मी स्टुलावर बसलो. मग मॅडमनी पेन उघडलं.

"आता तरी नाव सांग."

मी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"झाड घरी हाय, मॅडम."