डोंगराचे मुकादम

डोंगराला दम लागतो ही गोष्ट सबंध कर्जत-खालापुरात फक्त एका माणसाला कळली होती, आणि तो माणूस नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. त्यामुळे देवीच्या जत्रेत ताठ मानेनं हिंडायची आमच्या घराण्याची सोयच उरली नव्हती. आतोबा घाटातला रस्ता राखणाऱ्या मैलकुली मजुरांचे मुकादम होते. उभी नोकरी दरडी उपसण्यात गेली. दर पावसाळ्यात डोंगर रस्त्यावर यायचा आणि आतोबा त्याला परत कडेला लावायचे, असा त्या दोघांचा पंचवीस वर्षांचा घरोबा. निवृत्त होऊन ते पोशीरच्या बाजूला आपल्या गावी आले, तर घराच्या मागच्या दारीच आणखी एक डोंगर आयता उभा. वर देवी. चैत्रात तिची जत्रा भरे, आणि कळंब-नेरळपासून ते खोपोलीच्या कारखान्यांतल्या कामगारांपर्यंत माणसांचा नुसता लोंढा लोटे. निम्म्या वाटेवर एक ऐसपैस माळ होता. तिथून पुढं माथ्यावरच्या देवळापर्यंत जायचं तर एक अरुंद सोंड ओलांडावी लागे. रुंदी जेमतेम बैलगाडीएवढी, दोन्ही अंगांना खोल दरी आणि पायाखाली मुरूम. तिला लोक ‘मान’ म्हणत. आतोबांनी ती मान मुकादमाच्या नजरेनं पहिल्यांदा पाहिली, खाली बसून हातानं चाचपली आणि घरी येऊन आत्याला म्हणाले, “आपली देवी लई मोठी हाय, पन तिची मान लई बारीक हाय.” त्या दिवसापासून त्यांना न विचारता, न नेमता, बिनपगारी अशी दुसरी नोकरी लागली.

पहिला फतवा निघाला तो पायांविषयी. आतोबांचं गणित असं, की डोंगरावर जाणारा प्रत्येक माणूस तळव्याला चिमूटभर डोंगर लावून खाली नेतो. एका माणसाची एक चिमूट, मग जत्रेची किती, आणि आजोबा-पणजोबांपासूनची किती? “डोंगर काय वितळतो का रं? तुमीच नेला चोरून,” असं ते जेवताना एकदम आमच्यावर डाफरत. जत्रेच्या दिवशी खालच्या पायरीशी ते खराटा घेऊन उभे राहू लागले. उतरणाऱ्या प्रत्येकानं पाय झटकायचे, चपला आपटायच्या, आणि पडलेली माती त्यांनी डब्यात भरायची. एकदा मामलेदार साहेब दर्शन घेऊन उतरले. आतोबांनी त्यांना बूट काढायला लावले, ते उपडे करून आपटले, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सायबांनी जास्त न्हेलता.” साहेब एका पायावर उभे आणि त्यांचा पट्टेवाला दरीकडे तोंड करून हसू दाबतोय, असं ते दृश्य होतं. जत्रा संपली की आतोबा ते डबे डोक्यावर घेऊन वर जात आणि माती जिथली तिथं पसरून येत. जिथली तिथं म्हणजे कुठली कुठं हे त्यांना कसं कळे, ते विचारायची आमची छाती नव्हती.

मानेवरचे कायदे तर आणखी कडक होते. दोन जाडी माणसं लागोपाठ चालायची नाहीत. एक जड, दोन हलकी, परत एक जड. आतोबा माळावर उभे राहून नुसत्या नजरेनं माणसं जोखत आणि रांग लावत. यात नवराबायकोंची ताटातूट होई. कर्जतच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याला त्यांनी तासभर बसवून ठेवलं, कारण त्याच्या मागंपुढं लावण्याजोगी पुरेशी वाळकी माणसं येईनात. तो भडकला, “मी काय भाताचं पोतं हाय?” आतोबा शांतपणे म्हणाले, “पोत्याला मी अडवलं नसतं. पोतं नाचत नाय.” कारण नाचाची त्यांना खरी धास्ती. ढोलाच्या ठोक्यानं मुरूम सैल होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून मानेवर वाद्यं बंद. पण देवीपुढं वाजवत जायचा तर नवस असतो, तो मोडायचा कसा? यावर तोडगाही त्यांनीच काढला. माळापर्यंत दणदणाट चाले, आणि मानेवर पाऊल पडताच ढोलवाले ढोलाच्या वीतभर वर हवेतच टिपऱ्या मारत जात. ताशेवाला हवेत काड्या नाचवी, सनईवाला नुसते गाल फुगवी. पलीकडे पाय टेकताक्षणी सगळ्यांचा एकदम स्फोट होई. परगावचे लोक तर देवीपेक्षा हा मुका बाजा पाहायलाच येत, आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढे, हा आतोबांच्या आयुष्यातला एक कायमचा सल होता.

गावातल्या एका म्हाताऱ्या आजीच्या अंगात देवी येई. एका जत्रेत ती नेमकी मानेच्या मध्यावर घुमायला लागली. लोक जागच्या जागी हात जोडून उभे. आतोबा पुढं गेले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “आये, हिला येवडी मान वलांडू दे. पल्याड गेली का मंग ये, कोन नाय म्हनतंय?” आजी थांबली. त्यांच्याकडे तिनं डोळे वटारून पाहिलं, पदर सावरला, गुमान तीस-चाळीस पावलं चालत गेली आणि पलीकडे पोचल्यावर परत घुमायला लागली. देवी कुणाच्या आज्ञेत वागल्याचं माझ्या पाहण्यात तेवढंच एक उदाहरण आहे.

फुरसतीच्या वेळात आतोबा पहारीच्या टोकानं धोंडे ठोकून पाहत. कलिंगड घेताना आपण वाजवून पाहतो, तसे कान लावून. जो धोंडा पोकळ वाजे त्याला चुन्याचा पट्टा आणि वर एक नाव. सगळ्यांत बेभरवशाचा, दिसायला भक्कम पण आतून सुटलेला, असा एक मोठा धोंडा होता. त्याला त्यांनी माझ्या वडिलांचं नाव दिलं होतं. “मेव्हण्याला टेकू नका,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. वडील पुढं कित्येक वर्षं त्या डोंगराकडे फिरकले नाहीत.

मी कर्जतच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो त्या साली गावच्या पंचांनी ठरवलं, की डोंगराच्या कुशीतून सुरुंग लावून माळापर्यंत रस्ता काढायचा. जीप जातील, टेंपो जातील, म्हातारीकोतारी वर येतील. देवळात सभा भरली. सरपंच उत्साहानं म्हणाले, “रस्ता झाला का तिप्पट मानूस येईल!” आतोबा उठून उभे राहिले. “त्येच तर म्या बोंबलतोय. येईल. आन मंग जाईल कुठं? मान तर येवडीच हाय.” त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची मान धरून दाखवली. सभा हसून लोळली. देवी समर्थ आहे, असं कुणीतरी म्हणालं. “देवी समर्थ हाय, मुरूम नाय,” आतोबा म्हणाले, पण ते हशात वाहून गेलं.

माघात कंत्राटदाराची माणसं आली आणि माळाच्या खाली कातळात पहिलं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे येऊन बघतात तो त्या भोकावर आतोबा. छत्री उघडलेली, शेजारी तांब्या. आत्या दुपारी भाकरी घेऊन गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “अहो, घरात पाट कमी हायेत का बसाया?” तीन दिवस ते हलले नाहीत. सुरुंगवाले होते कर्जतचे एक मुसलमान चाचा. घाटाच्या कामावर दोघांनी बरोबर उन्हं खाल्लेली. त्यामुळे ना चाचा त्यांना हाकलीत, ना आतोबा चाचांना शिव्या देत. दोघं भोकाच्या दोन बाजूंना बसून विड्या ओढत. शेवटी चाचांनीच मधला मार्ग सुचवला. एक बारीकसा बार उडवायचा, आणि डोंगर हलतो का ते सगळ्यांनी मिळून बघायचं.

आतोबांनी गावातून वाट्या गोळा केल्या. पाणी भरून त्या वाटेनं, माळावर आणि थेट मानेवर मांडल्या. प्रत्येक वाटीपाशी एक राखणदार, पाणी थरथरलं तर त्यानं हात वर करायचा. मला माळाच्या कडेची एक पितळी वाटी मिळाली. शाळेत भूगोल शिकवणारा मी, त्या वाटीत डोळे घालून ओणवा बसलो होतो. फक्त मानेवर कुणाला बसू द्यायला आतोबा तयार नव्हते. तिथल्या वाट्या बार झाल्यावर जाऊन बघायच्या, काठोकाठ भरलेल्या आहेत, सांडल्या तर कळेलच, असं ठरलं. बार उडाला. माझ्या वाटीतलं पाणी हललं की माझाच श्वास त्यावर लागला, हे मला आजही सांगता येणार नाही. निम्मे हात वर, निम्मे खाली. सगळे मानेकडे धावले. तिथल्या सगळ्या वाट्या रिकाम्या होत्या आणि शेवटची वाटी तोंडाला लावून एक काळतोंड्या वानर आमच्याकडे पाहत होता.

सरपंच म्हणाले, पाणी वानर प्याला. आतोबा म्हणाले, सांडल्यावर वानर आला. या वादात दोन तट पडले, वानराच्या बाजूचे आणि आतोबांच्या बाजूचे, आणि वानराची बाजू भारी ठरत होती. एवढ्यात चाचा कुणाला न सांगता एकटेच मानेवर गेले. मधोमध बसले. गवत बाजूला सारलं. मग त्यांनी अस्तनी वर केली आणि जमिनीत हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. ते परत आले, खाली उतरले आणि आपल्या वाती गुंडाळायला लागले. कंत्राटदार ओरडला, तेव्हा म्हणाले, “ये काम अपुन से नाय होनार. भेग आमच्या बारानं पडली नाय, जुनी हाय. उसमें पुरानी मिट्टी जमेली हाय. पन डोंगर अर्धा तुटेला हाय, मुकादम खरं बोलतो.”

आतोबा जिंकले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कारण ती भेग मानेत होती, आणि चैत्र पुढ्यात होता. इतकी वर्षं ज्या माणसानं लोकांना सांभाळून पलीकडे नेलं, त्यालाच आता म्हणावं लागलं, की यंदा पलीकडे कुणी जायचं नाही. गाव खवळलं. ज्यांनी रस्ता मागितला होता ते खवळले, नि ज्यांनी मागितला नव्हता तेही. देवीला भेटायचं नाही म्हणजे काय? आत्याशी बायका पाणवठ्यावर बोलेनाशा झाल्या. आतोबांचं म्हणणं एकच, तुम्ही जाऊ नका, देवीचा मुखवटा खाली माळावर आणू. गुरव म्हणाला, आई कधी उतरली नाही, उतरायची नाही. तेव्हा आतोबा त्या म्हाताऱ्या आजीकडे गेले. मी बरोबर होतो. ते तिच्या पडवीत बसले आणि म्हणाले, “तिलाच इचारून सांग. ती नाय म्हनली तर मी गप बसतो.” आजी बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. घुमली नाही, काही नाही. मग सुपावरची नजर न काढता म्हणाली, “ती म्हंती, उतरंन. पन मला आनील कोन?”

“मी आनीन,” आतोबा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. आत्याला वाटलं उपास. तो उपास नव्हता, वजन होतं. मानेवरून जाताना आपला भार कमीत कमी असावा, म्हणून चार दिवस नुसत्या पेजेच्या निवळीवर. गांधी टोपी आणि चामडी पट्टासुद्धा त्यांनी माळावर काढून ठेवला. जत्रेच्या सकाळी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. आतोबा निघाले. मला वाटतं, आमच्या भागात इतकी माणसं एका ठिकाणी इतकी गप्प पुन्हा कधी झाली नसतील. ढोलवाल्यांनी आपणहून ढोल जमिनीवर ठेवले होते. आतोबा पलीकडे गेले, देवळात शिरले आणि आत्याच्या हिरव्या लुगड्यात मुखवटा पोटाशी बांधून बाहेर आले. येताना मधोमध ते थांबले. एक हात लुगड्यावर ठेवून मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आत्यानं माझं मनगट असं आवळलं होतं, की दोन दिवस वळ राहिला. मग ते चालायला लागले. माळावर पाय टेकले आणि तिथंच मटकन बसले. आत्या पुढं झाली, आणि हजारो माणसांसमोर पहिल्यांदाच नवऱ्याला एकेरीत म्हणाली, “येडा हायेस तू.”

मान त्याच पावसाळ्यात, श्रावणातल्या एका भर दुपारी गेली. भाताची लावणी उरकून बसलेल्या बायकांनी पाहिली. आधी धूर निघाल्यासारखं दिसलं, मग आवाज आला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. गावानं आतोबांचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा ते दोन दिवस साजगावला पाहुण्यांकडे जाऊन लपले.

पुढं माळावरच मुखवट्याचं देऊळ झालं. प्रशस्त, फरशी घातलेलं, कर्णा लावलेलं. आता रांगेची गरज नव्हती, जाडी माणसं गळ्यात गळे घालून नाचली तरी चालत होतं. आतोबांना काही काम उरलं नाही. मी सुट्टीत जाई तेव्हा ते माळाच्या कडेला बसलेले असत, तुटलेल्या बाजूला, जत्रेकडे पाठ करून. देवीचा मूळ तांदळा, शेंदूर लावलेला स्वयंभू दगड, तेवढा पलीकडच्या माथ्यावर राहिला होता, तिकडं आता माणूस जाऊ शकत नव्हता. शेवटच्या एक-दोन वर्षांत त्यांना लांबचं दिसेनासं झालं. एकदा मला जवळ बसवून म्हणाले, “तुझं डोळं तरनं हायेत. वर काय दिसतं सांग.”

मी सांगितलं. देवळाच्या वाटेवर गवत कमरेएवढं झालंय. करवंदीच्या जाळ्या पायऱ्यांपर्यंत आल्यात. उंबऱ्याशी एक भेकर चरतंय.

“आन मानसाचा आवाज?”

“काहीच नाही.”

“बरं झालं,” आतोबा म्हणाले. मागं कर्णा वाजत होता. “लई वरसं जागत व्हती रं ती आमच्यापायी,” ते म्हणाले. “झोपू दे जरा.”