साहेब, अस्वल आणि दौलतभाऊंची डुलकी

जंगलात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे आमचे किस्से फॉरवर्ड होत नाहीत; चौकीतच साचत जातात. चंद्रपूरच्या जंगलात मी बारा वर्षं वनरक्षक आहे. सगळ्यात जास्त किस्से आमच्या नव्या रेंजर साहेबांचे. साहेब पुण्याकडचे, अभ्यासू. फक्त आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता!

*

पहिल्याच मीटिंगमध्ये फर्मान निघालं. "गस्तीचा पुरावा हवा. प्रत्येक पाणवठ्यावर फोटो!"

दौलतभाऊ आमचे सगळ्यात जुने वनमजूर, रोजंदारीवरचे. संध्याकाळी त्यांनी सात फोटो दाखवले. सातही फोटोंत नुसते त्यांचे पाय!

"हे काय?"

"चालले तं पायच ना साहेब! तोंड काऊन दाखवू?"

*

मग साहेबांनी टीम बिल्डिंग घेतलं. डोळे मिटून मागे पडायचं, सहकारी झेलतील, म्हणजे विश्वास वाढतो म्हणे.

दौलतभाऊ म्हणाले, "पयले तुमी पडा साहेब, आमी पाहून शिकतो."

साहेबांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

*

पुढे कुणीतरी कान भरले की दौलतभाऊ गस्त सोडून मोहाच्या झाडाखाली झोपतात. साहेब म्हणाले, "पाणवठ्यावर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावतो. आठ दिवसांनी त्याचं कार्ड सगळ्यांसमोर उघडू. झोपत असतील तर काम बंद!" आणि कॅमेरा बांधायला एकटेच गेले.

आठव्या दिवशी साहेब लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले, पण उघडेनात. तेवढ्यात दौलतभाऊ उठले.

"कार्ड नका पाहू साहेब. झोपतो मी. लिहून घ्या."

हा माणूस कधी झोपत नाही, हे मला ठाऊक होतं. स्वतःच्या पोटावर पाय का आणतोय?

साहेब लालबुंद झाले. मग त्यांनी लॅपटॉप उघडून आमच्याकडे फिरवला. पहिल्या फोटोत साहेब झाडावर, एकच बूट पायात, आणि खाली अस्वल! दुसऱ्यात दौलतभाऊ काठी आपटत अस्वलाला हाकलताहेत.

कुणी हसलं नाही. साहेबांनी लॅपटॉप मिटला.

"आठ दिवस तुम्ही कुणाला बोलला नाहीत, दौलतभाऊ?"

"एक गोष्ट तं तुमालेबी नाई सांगतली साहेब," दौलतभाऊ म्हणाले. "अस्वल झाडावर चढते."